मराठीच्या वाटेने जपानीकडे: भाषा आणि संस्कृतीच्या अभ्यासाचा एक क्रम

जपानी शिकू पाहणारा मराठी माणूस बहुधा इंग्रजीच्या दारातून आत शिरतो. पाठ्यपुस्तक इंग्रजीत, मोबाइलवरचे ॲप इंग्रजीत, आणि व्याकरणाचे स्पष्टीकरणही इंग्रजी वाक्याशी तुलना करून दिलेले असते. त्यामुळे मराठी भाषकाला जे उपजत ठाऊक आहे ते तो परके समजून घोकत बसतो, आणि जे खरोखर परके आहे त्याकडे त्याचे लक्ष उशिरा जाते. पुढे सुचवलेला क्रम याच्या उलट आहे. भाषेसाठी मराठीचा भरपूर आधार घ्यावा, आणि संस्कृतीच्या बाबतीत सगळेच पाहण्याचा हव्यास सोडून एखाददुसरी गोष्ट निवडून तिच्या मागे लागावे. हा लेख मुख्यतः कुतूहलापोटी शिकणाऱ्यांसाठी आहे. नोकरीसाठी शिकणाऱ्यांनाही भाषेचे टप्पे तसेच लागू पडतील.

उच्चार: पहिले दोन आठवडे

जपानीत स्वर पाचच आहेत: आ, इ, उ, ए, ओ. बहुतेक व्यंजने आपल्या ओळखीची आहेत, आणि काही ठिकाणी तर मराठी माणूस इतरांपेक्षा नशीबवान आहे. देवनागरीत आपण ‘त्सुनामी’ असे लिहितो, पण त्यातला पहिला ध्वनी म्हणजे जवळजवळ ‘चुना’ आणि ‘चूल’ यांतला च. शब्दाच्या आरंभी येणारा झु हा ‘जुना’ या शब्दातल्या ज च्या जवळचा आहे. ‘चि’ मात्र ‘चिंच’सारखाच उच्चारावा. र हा आपल्या र आणि ल यांच्या मध्ये कुठेतरी पडतो, आणि तो ऐकून ऐकूनच जमतो.

खरी अडचण लांबीची आहे. मराठीत आपण ऱ्हस्व-दीर्घ कागदावर काटेकोरपणे पाळतो, बोलताना मात्र इकार-उकारांची लांबी फारशी मनावर घेत नाही. जपानीत ती सैल सोडता येत नाही. ‘ओबासान’ म्हणजे मावशी, काकू किंवा त्या वयाची बाई, आणि मधला आ एक मात्रा लांबवला की तीच ‘ओबाआसान’ म्हणजे आजी होते. ‘किते’ म्हणजे ‘येऊन’, तर ‘कित्ते’ म्हणजे टपालाचे तिकीट. टोकियोचा जपानी उच्चार तो-ओ-क्यो-ओ असा चार मात्रांचा आहे. सुरुवातीला प्रत्येक शब्द बोटांनी मात्रा मोजत म्हणावा. मात्रावृत्तांची सवय असलेल्यांना हे अवघड वाटणार नाही. त्याच वेळी कानाला आणखी एक सवय लावावी. ‘देसु’, ‘मासु’ यांतला शेवटचा उ बोलण्यात जवळजवळ गळतो आणि ‘देस’, ‘मास’ असे ऐकू येते. आवाजाच्या चढउतारानेही अर्थ बदलतो: टोकियोच्या बोलीत ‘हाशि’चा पहिला स्वर उंच असेल तर खाण्याच्या काड्या, दुसरा उंच असेल तर पूल. हे सुरुवातीला पाठ करण्याची गरज नाही, पण ध्वनिफीत ऐकताना तिकडे कान असू द्यावा.

लिपी: देवनागरीचा आधार लवकर सोडावा

देवनागरीत जपानी लिहून घेण्याची सोय पहिले काही दिवस ठीक असते. महिनाभर ती चालू राहिली तर सवय मोडणे कठीण जाते. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्यांत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आहेत आणि रोज अर्धा तास दिला तर एक लिपी दोन-तीन आठवड्यांत हाताखालून जाते.

या अक्षरांचा क्रम पाहिला की मराठी वाचक थबकतो. स्वरांनंतर क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी येतात. स च्या ठिकाणी च आणि ह च्या ठिकाणी प ठेवून पाहिले तर ही आपलीच वर्णमाला आहे: कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत, आणि मग य, र, व. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्या अभ्यासाच्या प्रभावातून हा क्रम जपानमध्ये रुजला. त्यामुळे शब्दकोशात शब्द शोधण्याचा क्रम मराठी माणसाला वेगळा शिकावा लागत नाही.

लिहिण्याच्या सरावासाठी गणिताची चौकटीची वही घ्यावी आणि रेघांचा क्रम पहिल्या दिवसापासून पाळावा: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि आडवी रेघ साधारणतः उभीच्या आधी. काताकाना परक्या शब्दांसाठी आणि परक्या नावांसाठी वापरतात, म्हणून सराव स्वतःच्या नावापासून सुरू करणे उत्तम. कुलकर्णी तिथे ‘कुरुकारुनि’ होतात आणि देशपांडे ‘देशुपान्दे’. आपल्या आडनावाची ही अवस्था पाहिली की जपानीत कोणते ध्वनी नाहीत हे कोष्टकाशिवाय कळते.

कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरे, यांची धास्ती अनेकांना असते. दैनंदिन वापरासाठी ठरवून दिलेल्या अक्षरांची अधिकृत यादी २,१३६ अक्षरांची आहे आणि त्यातली १,०२६ जपानी मुले प्राथमिक शाळेतच शिकतात. एकाच अक्षराची दोन किंवा अधिक वाचने असणे इंग्रजी पुस्तकांना मोठे विचित्र वाटते. मराठीत आपण सुटा शब्द म्हणून ‘पाणी’ म्हणतो, पण सामासिक शब्दांत ‘जलाशय’, ‘जलमार्ग’ असे संस्कृत रूप वापरतो. जपानीतही नेमके हेच होते. पाण्याचे अक्षर सुटे असले की ‘मिझु’ हा देशी शब्द वाचायचा आणि जोडशब्दात आले की ‘सुइ’ हा चिनी मूळचा उच्चार: ‘सुइदो’ म्हणजे नळाचे पाणी, ‘सुइएइ’ म्हणजे पोहणे. म्हणून अक्षराची सगळी वाचने एकदम पाठ करण्यापेक्षा प्रत्येक अक्षर एका सुट्या आणि एका जोडशब्दासकट वहीत उतरवावे.

व्याकरण: जिथे मराठी हात देते

‘वाताशि वा तोमोदाचि नि तेगामि ओ काकिमास’ या वाक्याचे मराठी ‘मी मित्राला पत्र लिहितो’ असे होते आणि शब्दांचा क्रम जराही हलत नाही. नि म्हणजे ला, नो म्हणजे चा-ची-चे (आणि तेही लिंगवचनाच्या कटकटीशिवाय), कारा म्हणजे पासून, मादे म्हणजे पर्यंत. प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी ‘का’ लावायचा: ‘इकिमास का?’ म्हणजे ‘जाता का?’ हा निव्वळ योगायोग आहे, पण पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला फार धीर देणारा आहे. ‘काल आलेला माणूस’ याचे जपानी ‘किनो किता हितो’ होते, म्हणजे विशेषणवाक्य आपल्यासारखेच नामाच्या आधी येते.

सर्वांत मोठा लाभ संयुक्त क्रियापदांत आहे. जपानीत क्रियापदाचे ‘ते’ रूप आपल्या ‘ऊन’ रूपासारखे चालते आणि त्याच्यापुढे दुसरे क्रियापद येऊन अर्थाची छटा बदलते. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे, आणि ‘मिरु’चा मूळ अर्थही बघणे हाच. ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे, जिथे ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘ओशिएते मोराउ’ म्हणजे कोणाकडून शिकवून घेणे. ‘वासुरेते शिमाउ’ म्हणजे विसरून जाणे किंवा विसरून बसणे, हळहळीसकट. इंग्रजी पुस्तकात या प्रत्येक रूपाला स्वतंत्र धडा आणि अर्धा पान स्पष्टीकरण लागते. मराठी विद्यार्थ्याने ‘ते’ रूप पक्के केले की हे सगळे धडे एकत्र वाचावेत आणि शेजारी मराठी वाक्ये लिहावीत. नादवाचक शब्दांचेही तसेच आहे. रिमझिम, लखलख, धडधड यांत वाढलेल्या कानाला ‘किराकिरा’ म्हणजे चमचम आणि ‘दोकिदोकि’ म्हणजे छातीची धडधड हे शब्द लहान मुलांचे वाटत नाहीत.

जिथे मराठी उपयोगी पडत नाही त्या जागा थोड्या आहेत, पण चिवट आहेत. ‘वा’ आणि ‘गा’ या नामाला लागणाऱ्या प्रत्ययांतला फरक ही त्यांतली पहिली. ‘झो वा हाना गा नागाइ’ याचा भावार्थ ‘हत्तीचं म्हणाल तर सोंड लांब’ असा आहे. ‘वा’ ऐकला की मनात ‘म्हणाल तर’ म्हणून पाहावे, निम्म्याहून अधिक ठिकाणी ते जमते. दुसरी जागा विशेषणांची. ‘ताकाइ’ म्हणजे महाग आणि ‘महाग होते’ म्हणजे ‘ताकाकात्ता’, म्हणजे भूतकाळ विशेषणालाच लागतो. तिसरी मोजण्याची. लांबट वस्तू, सपाट वस्तू, लहान प्राणी आणि माणसे यांना वेगवेगळे प्रत्यय आहेत, आणि ते संख्येनुसार आवाजही बदलतात: पेन्सिली मोजताना इप्पोन, निहोन, सान्बोन. माणसांसाठी दोघे, तिघे अशी वेगळी रूपे मराठीतही आहेत; जपानीत ‘हितोरि’, ‘फुतारि’ एवढी दोनच वेगळी, तिसऱ्यापासून सरळ ‘सान्निन’.

आदरार्थाचा प्रश्न थोडा सविस्तर पाहायला हवा, कारण आपल्याकडे आदरार्थ आहे म्हणून तो आपल्याला येतोच असे मराठी माणूस गृहीत धरतो. मराठीत आदर व्यक्तीला चिकटलेला असतो: साहेब ते साहेबच, मग बोलणे कोणाशीही असो. जपानीत समोरचा माणूस आपल्या गोटातला की बाहेरचा, यावर रूप ठरते. बाहेरून फोन आला तर आपल्या कार्यालयातला माणूस ‘साहेब बाहेर गेलेत’ असे सांगेल. जपानी कर्मचारी मात्र आपल्याच वरिष्ठाच्या नावाला ‘सान’ (आपल्या ‘जी’सारखा आदराचा प्रत्यय) न लावता, नम्रतेचे रूप वापरून, ‘तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमास’ म्हणजे ‘तानाका सध्या जागेवर नाही’ असे सांगेल. स्वतःच्या वडिलांना परक्यापुढे ‘चिचि’ म्हणायचे आणि समोरच्याच्या वडिलांना ‘ओतोसान’. दुसरे असे की ‘तुम्ही’साठी कोशात ‘आनाता’ दिलेला असला तरी तो सहसा टाळावा आणि आडनावाला ‘सान’ जोडून बोलावे. स्वतःच्या नावाला ‘सान’ लावायचे नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

परीक्षा द्यावी का?

छंद म्हणून शिकणाऱ्यालाही एक तारीख समोर असलेली बरी. जेएलपीटी ही जपानी प्रावीण्य परीक्षा १९८४ पासून होते आणि २०१० पासून तिचे एन-५ ते एन-१ असे पाच स्तर आहेत, त्यांत एन-५ सर्वांत सोपा. भारतात ती जुलै आणि डिसेंबर महिन्यांच्या पहिल्या रविवारी घेतली जाते. पुणे आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी केंद्रे आहेत, पण अर्ज काही महिने आधीच भरावे लागतात. एन-५ साठी १८० पैकी ८० आणि एन-४ साठी ९० गुण लागतात. शिवाय श्रवणात ६० पैकी किमान १९ गुण मिळाले नाहीत तर एकूण बेरीज कितीही असली तरी नापास. या परीक्षेत बोलणे आणि हाताने लिहिणे तपासले जात नाही, म्हणून तिच्या निकालावरून आपल्याला बोलता येते असे समजू नये. बोलण्यासाठी वर्गच बरा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातील विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागापासून घरगुती वर्गांपर्यंत जपानीची सोय जुनी आहे. गावाकडे राहणाऱ्यांसाठी जपान फाउंडेशनची ‘इरोदोरि’ ही पाठ्यपुस्तके ध्वनिफितींसह इंटरनेटवर मोफत मिळतात.

संस्कृती: एक धागा धरावा

‘जपानी जीवनाचे रहस्य’ सांगणारी इकिगाइ (जगण्याचे प्रयोजन) आणि वाबि-साबि (अपूर्णतेतले सौंदर्य) छाप पुस्तके प्रथम बाजूला ठेवावीत. एका शब्दात देश गुंडाळून देणाऱ्यांकडून तो देश कळत नाही. जपान एकजिनसीही नाही. उदोन या जाड शेवयांचा रस्सा टोकियोकडे गडद आणि ओसाकाकडे फिकट असतो, ओकिनावाचा इतिहास स्वतंत्र राज्याचा आहे आणि होक्काइदोच्या आइनु लोकांना आदिवासी म्हणून कायद्याने मान्यता २०१९ मध्ये मिळाली. अशा देशात शिरायचे तर एक धागा धरून शिरावे: बागा, हायकू, चहा, पुष्परचना, देवळे, जे आवडेल ते.

मराठी वाचकासाठी देवळांचा धागा विशेष सोयीचा आहे. बौद्ध धर्म चीन आणि कोरियामार्गे सहाव्या शतकात जपानमध्ये पोहोचला आणि त्याच्याबरोबर आपल्या ओळखीची बरीच मंडळीही गेली. सरस्वती तिथे बेन्झाइतेन झाली. तिच्या हाती बिवा हे तंतुवाद्य आले, आणि एनोशिमा किंवा चिकुबुशिमासारख्या पाण्याने वेढलेल्या बेटांवर तिची ठाणी आहेत. महाकाल दाइकोकुतेन झाला, म्हणजे तांदळाच्या पोत्यांवर उभा असलेला, हातात मोगरी घेतलेला हसतमुख देव. उज्जैनच्या महाकालाचा भक्त त्याला सहजी ओळखणार नाही. टोकियोच्या आसाकुसा भागात सेन्सोजी या बौद्ध मंदिरापासून जवळच मात्सुचियामा शोदेन हे कान्गितेनचे, म्हणजे गजमुख देवाचे, मंदिर आहे. तिथे मुळा वाहतात आणि मूळ मूर्ती दर्शनाला ठेवत नाहीत. मोदक आणि दूर्वा शोधू नयेत. अशा वेळी ‘सगळे आपल्याकडूनच गेले’ असे म्हणून थांबण्याचा मोह होतो, आणि तिथेच अभ्यास संपतो. वाटेत चीनने त्यात काय घातले आणि जपानने काय बदलले, हे पाहणे अधिक फलदायी आहे.

शिंतो, म्हणजे जपानच्या देशी धर्माचे, देवस्थान आणि बौद्ध मंदिर यांतला फरक आधी डोळ्यांना कळला पाहिजे. दोन खांबांवर आडव्या तुळया असलेली तोरी कमान बहुधा शिंतो देवस्थानाची असते. कमानीखालून जाण्यापूर्वी किंचित वाकावे आणि वाटेच्या मधोमध चालू नये. पाण्याच्या कुंडाशी उजव्या हाताने पळी घेऊन आधी डावा हात धुवावा, मग उजवा. नंतर डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरावी, पण पळीला तोंड लावू नये. शेवटी डावा हात पुन्हा धुऊन पळी उभी धरावी, म्हणजे दांडा धुतला जातो. देवासमोर नाणे टाकून दोनदा वाकायचे, दोनदा टाळी वाजवायची आणि पुन्हा एकदा वाकायचे. इझुमोच्या देवस्थानात टाळ्या चार आहेत. बौद्ध मंदिरात टाळी वाजवायची नसते, नुसते हात जोडायचे. ३१ डिसेंबरच्या रात्री बौद्ध मंदिरांत घंटेचे १०८ ठोके पडतात, आणि तो आकडा का, हे जपमाळ पाहिलेल्या वाचकाला विचारावे लागत नाही.

प्रवासाआधी महाराष्ट्रातही थोडा सराव करता येतो. मुंबईत वरळीला निप्पोनझान म्योहोजी पंथाचे बौद्ध मंदिर आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचले आहे. मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली आणि तिची गणना जपानच्या तीन विख्यात बागांत होते. अशी बाग एका जागी उभे राहून पाहण्यासाठी नसते. पायवाट वळते तसे एक दृश्य झाकते आणि दुसरे उघडते, म्हणून तळ्याला पूर्ण फेरी मारावी आणि प्रत्येक वळणावर मागे वळून पाहावे. हायकूची ओळख मराठीला शिरीष पै यांनी करून दिली आहेच. जपानी हायकूत पाच-सात-पाच मात्रांबरोबर ऋतू सुचवणारा शब्दही असावा लागतो, आणि अशा शब्दांचे ऋतुवार कोश मिळतात. भाषा थोडी रुळली की त्यातले रोज एक पान वाचण्यासारखे आहे.

ताट आणि भेटवस्तू

शाकाहारी प्रवाशाने ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यावर विसंबू नये. मासे दिसत नसले तरी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे) सूप, सोबा शेवया आणि उकडलेल्या भाज्यांतही कात्सुओ माशाच्या किसाचा दाशि, म्हणजे अर्क, असतो. म्हणून नेमका प्रश्न विचारावा: ‘सुमिमासेन, कात्सुओ नो दाशि वा हाइत्ते इमास का?’ म्हणजे ‘यात कात्सुओचा दाशि आहे का?’ समुद्रशैवालाचा ‘कोम्बु दाशि’ चालतो. बौद्ध मठांतले शोजिन र्योरि हे जेवण मांस-माशांशिवायच नव्हे, तर परंपरेने कांदा-लसणाशिवायही असते. जेवताना काड्या भातात उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या काड्यांवरून दुसऱ्याच्या काड्यांवर घास देऊ नये. दोन्ही कृती अंत्यविधीतल्या आहेत.

कोणाकडे जाताना भेट न्यावी. वेगवेगळ्या वेष्टनातली, टिकणारी मिठाई सर्वांत बरी. चिक्कीचे छोटे पाकीट चालेल, पाकात बुडालेला गुलाबजाम नको. दोन्ही हातांनी द्यावी, आणि यजमानांनी ती आपल्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नये. आमंत्रणाला कोणी ‘चोत्तो…’ (‘जरा…’) म्हणून वाक्य अर्धवट सोडले तर तो नकार आहे. पुढे आग्रह करू नये; जेवणाच्या पंगतीतला आपला आग्रह तिथे समोरच्याला अडचणीत टाकतो.

पहिला प्रवास

एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोन या पूर्वजांच्या सणाचा काळ टाळावा. गाड्या आणि निवासस्थाने तेव्हा तुडुंब असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा जेआर पास (परदेशी प्रवाशांसाठीचा रेल्वेचा पास) २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. तेव्हापासून दोनतीन शहरांपुरत्या प्रवासाला सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. हिशोब करूनच पास घ्यावा.

शक्य असेल तर एक रात्र कोयासानच्या मठात काढावी. शिंगोन बौद्ध पंथाचे संस्थापक कूकाइ यांना ९व्या शतकाच्या आरंभी मिळालेल्या या पर्वतावर ओकुनोइन ही विशाल स्मशानभूमी आहे आणि तिथल्या समाध्यांवर सिद्धम् अक्षरे कोरलेली दिसतात. देवनागरी येणाऱ्याला त्यातले एखादे अक्षर ओळखू आल्यासारखे वाटते, कारण या दोन्ही लिप्या एकाच घराण्यातल्या आहेत. कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये बसवलेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही आहे.

देवळांत ‘गोशुइन’ मिळते: त्या स्थानाचे नाव कुंचल्याने लिहून त्यावर लाल ठसा उमटवलेले पान. त्यासाठी घड्यांची खास वही घ्यावी लागते आणि एका पानाला बहुधा ३०० ते ५०० येन पडतात. आधी दर्शन घ्यावे, मग वही पुढे करावी. भिक्षू किंवा पुजारी लिहीत असताना फोटो काढण्याआधी विचारावे. रात्री मुक्कामी ते पान वाचण्याचा प्रयत्न करावा. उजव्या बाजूला वर ‘होहाइ’, म्हणजे ‘सविनय दर्शन घेतले’, असे असते, मध्यभागी देवाचे किंवा देवस्थानाचे नाव आणि कडेला तारीख. तारखेतले वर्ष सम्राटाच्या कालखंडाचे असते. रेइवा कालखंड २०१९ मध्ये सुरू झाला, म्हणून पानावरच्या आकड्यात २०१८ मिळवले की आपले वर्ष येते.